प्रसूतीचा खर्च आणि आरोग्यविमा



विवाह निश्चित झाला की व्यापारी कुटुंबात प्रथम बस्त्याचा हिशेब मांडला जातो. शालू किती किमतीचा, मानपानाच्या साड्या किती, आहेर कोणाला कोणता, हे सारे वहीत पानोपानी उतरते. त्याच घरात पुढे दोन-तीन वर्षांत येणाऱ्या पहिल्या बाळंतपणाच्या खर्चाला मात्र त्या वहीत एक ओळही मिळत नाही. रुग्णालयाच्या काउंटरवर अनामत रक्कम मागितली जाते, तेव्हा तो खर्च प्रथमच डोळ्यांसमोर येतो. आणि 'घरात मेडिक्लेम आहे, चिंता नाही' अशी समजूत असेल तर निराशा दुप्पट होते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार, देशाच्या शहरी भागात खासगी रुग्णालयातील एका बाळंतपणाचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे २९,००० रुपये, तर सरकारी रुग्णालयात सुमारे ३,१०० रुपये होता. ही सरासरी आहे आणि जुनी आहे. मोठ्या शहरांतील नामांकित रुग्णालयांचे देयक याच्या कितीतरी पुढे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील खासगी रुग्णालयांत झालेल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. यांतील किती शस्त्रक्रिया अपरिहार्य होत्या, हा वैद्यकांनी व समाजाने गांभीर्याने पाहावयाचा प्रश्न आहे. कुटुंबाने मात्र खासगी रुग्णालय निवडले असेल, तर तरतूद सिझेरियनची धरूनच करावी.

देयक फुगते ते बहुधा खोलीच्या निवडीपासून. अनेक रुग्णालयांत शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, साहाय्यक, बालरोगतज्ज्ञ यांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडे खोलीच्या श्रेणीप्रमाणे वाढत जाते. भेटीस येणाऱ्या नातेवाइकांसमोर शोभावे म्हणून स्वतंत्र खोली घेतली, तर केवळ खोलीभाडे वाढत नाही, सारा माल वरच्या भावाने तोलला जातो. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातील खासगी शुश्रूषागृहांनी प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दुकानात मीटरचा भाव विचारल्याशिवाय कापड न फाडणारा ग्राहक येथे दरपत्रक मागण्यास संकोचतो, हे नवलच म्हणावयाचे.

आता विम्याकडे वळू. भारतात मेडिक्लेम पॉलिसी १९८६ मध्ये सुरू झाली आणि प्रसूती आरंभापासूनच तिच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. यामागील कारण कोणत्याही व्यापाऱ्याला सहज उमजेल. बाजारातील शेकडो दुकानदार आगीचा विमा उतरवतात. आग लागते ती एखाद्याच दुकानाला, आणि सर्वांच्या हप्त्यातून त्याचे नुकसान भरून निघते. प्रसूतीचे संरक्षण मात्र बहुतेक तेच दांपत्य मागते, ज्याला ते वापरावयाचेच आहे. जेथे घेणारा प्रत्येक जण भरपाई मागणार, तेथे कंपनी एका हाताने देते ते दुसऱ्या हाताने आधी वसूल करून ठेवते. प्रसूती-संरक्षणातील जाचक वाटणाऱ्या अटी या एका गोष्टीतून उद्भवल्या आहेत.

पहिली अट प्रतीक्षाकाळाची. वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसींत तो सामान्यतः दोन ते चार वर्षांचा असतो. काही योजनांत अधिक हप्ता घेऊन तो नऊ महिन्यांपर्यंत खाली आणला जातो. म्हणजे दिवस गेल्यावर विमा शोधावयास निघणे व्यर्थ आहे. दुसरी अट रकमेची. पॉलिसी दहा लाखांची असली तरी प्रसूतीसाठीची मर्यादा बहुधा काही हजारांत असते, आणि तीही अनेकदा पहिल्या दोन अपत्यांपुरतीच. ज्या पॉलिसीत प्रसूतीचे कलमच नाही, तिच्यात गुंतागुंतीची प्रसूती व सिझेरियन हेही वगळलेले असते. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळणुकीत त्यास अपवाद आहे तो गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचा. 'शस्त्रक्रिया आहे, म्हणजे मेडिक्लेम मिळेलच' हा तर्क येथे टिकत नाही. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतील माहितीपत्रक देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यातील प्रतीक्षाकाळ, उपमर्यादा व वगळलेल्या बाबी, एवढी तीन ठिकाणे तरी कुटुंबातील सुशिक्षित सुनेने व मुलाने स्वतः वाचावीत. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला दावा विभागात किंमत नसते.

नोकरदारांची स्थिती याहून बरी असते. कंपनीच्या सामूहिक विम्यात प्रतीक्षाकाळ पुष्कळदा माफ असतो आणि प्रसूती पहिल्या दिवसापासून समाविष्ट होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या महिला कामगारास, अंशदानाच्या अटी पूर्ण होत असतील, तर २६ आठवड्यांच्या वेतनाचा लाभ मिळतो. दहा वा अधिक कामगार असलेल्या दुकानास ही योजना लागू होते, आणि त्यासाठीची २१,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१७ मध्ये ठरलेली आहे. यातून एक विचित्र चित्र उभे राहते : मालकाच्या पेढीवरील सेल्सगर्लला संरक्षण आहे आणि मालकाच्या सुनेला नाही. अर्थात, मुलीचे ते संरक्षण तरी नियमाने भरले जाते का, हे मालकाने प्रथम पाहावे.

आपल्याकडील चालीरीतींमुळे आणखी एक पेच निर्माण होतो. पहिले बाळंतपण माहेरी. मुलीचे नाव विवाहानंतर माहेरच्या कौटुंबिक पॉलिसीतून निघते. सासरच्या पॉलिसीत ते कधी घातले, यावर तिचा प्रतीक्षाकाळ मोजला जातो. 'पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पाहू' असे म्हणत वर्ष जाते आणि तेवढाच काळ पुढे ढकलला जातो. नूतनीकरण चुकून पॉलिसी खंडित झाली, तर सारी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय सासर पुण्यात व माहेर तालुक्याच्या गावी असेल, तर त्या गावचे रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे काय, हे सातव्या महिन्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे. २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात व अंतिम देयकावर तीन तासांत निर्णय देणे कंपनीस भाग आहे. परंतु यादीबाहेरच्या रुग्णालयात बहुधा रक्कम आधी भरावी लागते, आणि ती कोणी भरावी यावरून दोन व्याह्यांत अबोला येतो. विवाहाच्या बोलणीतच हा विषय निघाला, तर कोणाचाही कमीपणा होत नाही.

तर मग प्रसूती-संरक्षण घ्यावे की नाही? हिशेबासाठी समजा, त्या कलमापोटी दरवर्षी १०,००० रुपये अधिक हप्ता आहे, प्रतीक्षाकाळ तीन वर्षांचा आहे आणि मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. चौथ्या वर्षी प्रसूती झाली, तर ४०,००० भरून ५०,००० मिळाले. केवळ एवढ्यासाठी हे कलम घेणे म्हणजे हप्त्याने केलेली बचत. ती बँकेच्या आवर्ती ठेवीतही होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, हा थोडा दिलासा आहे, पण गणित त्याने पालटत नाही. नेहमीच्या प्रसूतीचा खर्च ठरावीक आहे, अपेक्षित आहे. तो कुटुंबाने बस्त्याप्रमाणेच आधी बाजूला काढून ठेवावा. ज्या कुटुंबाची तेवढी ऐपत नसेल, त्यांनी सरकारी रुग्णालयाचा मार्ग कमीपणाचा मानू नये. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तेथे प्रसूती, सिझेरियन व औषधे विनामूल्य आहेत.

विमा खरोखर उपयोगी पडावयास हवा तो अनपेक्षित खर्चासाठी, आणि तो आईपेक्षा बाळाच्या बाबतीत अधिक संभवतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि नवजात अतिदक्षता विभागात तीन-चार आठवडे ठेवावे लागले, तर ते देयक प्रसूतीच्या देयकाच्या अनेक पट होते. दुकानातील खेळते भांडवल तेथे पाहता पाहता संपते. म्हणून पॉलिसी निवडताना प्रसूतीची मर्यादा पन्नास हजार की पंचाहत्तर, यावर घासाघीस करण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : नवजात बालक पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे काय, आणि कितीच्या रकमेपर्यंत? अनेक पॉलिसींत बाळास ९० दिवसांनंतरच स्थान मिळते, आणि अतिदक्षतेची गरज तर बहुधा पहिल्या नव्वद दिवसांतच लागते. पहिल्या दिवसापासून संरक्षण देणाऱ्या योजनांत ते बहुधा प्रसूतीच्या कलमासच जोडलेले असते. हे कलम घेण्याचे खरे कारण असेल तर ते हेच. असे संरक्षण असले तरी बाळाची नोंद मुदतीत करावी लागते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत करावयाची असते आणि ती नावाशिवायही होते, नाव मागाहून घालता येते. तेव्हा बारशाची वाट न पाहता जन्माचा दाखला काढावा, त्याची प्रत विमा कंपनीस द्यावी आणि पोच घ्यावी.