भरती, ओहोटी आणि धावण्याची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चहाच्या पातेल्याजवळ असते. यंदा तुम्ही मला इकडे उभे केलेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे भाषण म्हणून काही जमणार नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "मुलीकडे कोकणात जाऊन आलात ना, तेच सांगा." तेव्हा समुद्राच्या काठाने धावण्याच्या वाटा कशा असतात ते सांगते. हसू नका. टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे घालवलेल्या सुप्याच्या बाईने समुद्रावर बोलावे, हे मलाही नवलाचेच वाटते.

आधी एक कबुली देते. माझी थोरली नववी-दहावीत असताना पहाटे हंग्याच्या रस्त्याने धावावयास जात असे. तेव्हा पुणे रस्त्यावरच्या ट्रकांची मला धास्ती होती, हे खरे. पण त्याहून जास्त धास्ती बोलण्याची होती. एकदा दळण आणावयास गेले असता एक बाई म्हणाली, "तुमची पोरगी कुणाच्या मागं पळती गं?" घरी आले आणि मुलीचे बूट धान्याच्या कोठीमागे टाकले. तिने दोन दिवस शोधले, तिसऱ्या दिवशी शोधणे सोडून दिले. ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

पुढे ती दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेली. शेवटच्या वर्षाला तिथल्या मुलामुलींना काही महिने गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. तिला मुरुडकडचे गाव मिळाले. हे मुरुड म्हणजे जंजिऱ्याचे नव्हे, दापोली तालुक्यातले. दिवाळी झाल्यावर, कार्तिक वद्य सप्तमीस, लाडवांचा डबा घेऊन मी तिच्याकडे गेले. नारळी-पोफळीच्या वाडीतले घर, ओटीच्या बाजूस मुलींची खोली. दारात चार जोड बूट. त्यांतला एक वाळूने भरलेला होता आणि माप माझ्या ओळखीचे होते.

रात्री विचारले, "कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू परत लपवले असतेस, आई."

यावर मला काही सुचले नाही. म्हटले, "उद्या मी येते बघायला."

दुसऱ्या दिवशी अष्टमी. उजाडता उजाडता गेलो तर काय, धावावयास जागाच नाही! पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेले. वर उरली ती कोरडी भुसभुशीत वाळू. तीत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पोटऱ्या भरून येतात. मुलगी म्हणाली, "आज रस्त्याने," आणि आम्ही सालदुऱ्याकडून पाळंद्यावरून हर्णैच्या वाटेला लागलो. ती धावत पुढे जाई, परत माझ्यापर्यंत येई, पुन्हा जाई. मी आपली चालत. एका बाजूस माड नि घरे, दुसऱ्या बाजूस पाणी. पुढे पुढे समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसू लागतो. हर्णैस मासळीचे बंदर आहे, तिथे वासाने आपल्यासारख्या माळकरणीची पंचाईत होते, एवढेच सांगते. त्यापलीकडे खाडीवरच्या पुलाने आंजर्ल्यास जाता येते, आणि कड्यावरच्या गणपतीची चढण ही धावणाऱ्यांची खरी परीक्षा. तिथे मी गाडीने गेले, उगाच खोटे कशाला बोलू.

आता मुख्य गोष्ट. एकादशी उजाडली, आळंदीची एकादशी. मला उपवास होता. सकाळी आम्ही वाळूवरून कर्द्याच्या बाजूस गेलो. वाळू जिथे संपते तिथे काळे खडक पाण्यात उतरले आहेत आणि वर तांबडा जांभा. मुलगी म्हणाली, "इथून मागं फिरायचं." मी म्हटले, "जरा पलीकडे काय आहे ते बघू की." साडेसहा वाजले असतील. पाणी पावलांना लागत होते, खडकाला वळसा घालून गेलो. पलीकडे खडकांच्या खळग्यांत साठलेले पाणी, त्यात बोटाएवढे मासे, चिकटून बसलेले शिंपले. मी पोरीसारखी बघत बसले. पाऊण तासाने परतलो तो ज्या जागी पाऊल भिजले होते तिथे कमरेइतके पाणी, आणि लाट आली की खडकावर आपटून डोक्याइतकी उडत होती.

मला पोहता येत नाही. आपल्यापैकी किती जणींना येते? मुलीने माझा हात धरला नि म्हणाली, "पाण्यात उतरायचं नाही. वर चढू." खडकावरून, मग झुडपांतून, हातापायांवर चालत आम्ही वरच्या सड्यावर आलो. कोकणात डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला सडा म्हणतात. माझा कोपर सोलला, बांगड्या फुटल्या. वर रस्ता आहे, कर्द्याहून लाडघरकडे जाणारा. तिथे बसून मी रडले. मुलगी रडली नाही. ती म्हणाली, "चूक माझी. मी नाही म्हणायला पाहिजे होतं." चूक माझीच होती. पण त्या दिवशी एक कळले, की या पोरीला धोक्याच्या वेळी डोके चालवता येते, आणि ते तिला मी शिकवलेले नाही.

घरी येताच मालकीणकाकूंनी माझी चांगली हजेरी घेतली. वय सत्तरीपुढचे, पण जीभ धारेची. "आज उपास धरलात ना तुम्ही? मग तिथी ठाऊक होती! तिथीची पाऊणपट करता येत नाही?"

मला अर्थ कळेना. मग त्यांनी समजावले, ते तुम्हांला जसेच्या तसे सांगते. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस सहा. एकादशीस सव्वाआठ. अमावस्या-पुनवेस बाराच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या ओढीने चालतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे जाते. हिशोब ढोबळ आहे, अर्ध्या तासाचा फरक धरावा, गावागणिकही थोडा बदल असतो. हल्ली वेळा छापील मिळतात, मोबाईलवरही दिसतात. पण मला पाऊणपटच आवडली. चतुर्थी, अष्टमी, एकादशी आपण आयुष्यभर धरत आलो. तिथी तोंडपाठ असून समुद्र कधी चढतो हे आपल्याला माहीत नाही, कारण तसे काम कधी पडले नाही.

मग मी हिशोब केला. अमावस्येस भरती बाराला, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पाणी पार खाली. त्या दिवशी गेलो. काय सांगू! अष्टमीस जिथे पाणी होते तिथे मैदान पडलेले, ओली घट्ट वाळू, आपल्या सारवलेल्या अंगणासारखी. तिच्यावर बारक्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली. मी लेकीचा पंजाबी ड्रेस घातला होता. भोवती ओळखीचे कोणी नव्हते. मी धावले. लग्नाआधी शाळेत धावले असेन, त्यानंतर बस गाठण्यापुरतेच. दोनशे पावले मोजली आणि दम लागला. चालले, पुन्हा शंभर. घाम येतो तो वाळतच नाही, दमट हवा असते. आपल्याकडचा वारा लगेच अंग सुकवतो. मुलीने सांगितले की वाळू समुद्राकडे उतरती असते, एक पाय खाली पडतो, म्हणून जितके जायचे तितकेच परत त्याच पट्ट्याने यायचे, म्हणजे दोन्ही पायांना सारखा ताण पडतो. पावसाळ्यात तर किनारा धावण्याचा नव्हेच. १ जून ते ३१ जुलै कोळ्यांची मासेमारीही बंद असते.

या मुरुडातच धोंडो केशव कर्व्यांचे बालपण गेले. १८७५ साली परीक्षेसाठी ते मुरुडाहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेले, आणि तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्या वाळूवर बसून मला आमची दळणाच्या रांगेतली बाई आठवली. आणि खरे सांगायचे तर तिच्याहून जास्त मीच आठवले. ती बोलली, बूट मी टाकले होते.

बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८४ साली. तोवर इतके लांब धावणे बायकांना झेपायचे नाही असे मोठमोठे लोक धरून चालले होते. आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली, दहावी आली. माण म्हणजे आपल्या पारनेरसारखाच कोरडा मुलूख. तिच्या आईने बूट लपवले नसणार.

परत आल्यावर मी कोठीमागून ते जुने बूट काढले. उंदरांनी एक कुरतडला होता. ते टाकले आणि स्वतःसाठी नवे घेतले. घरचे म्हणाले, "या वयात?" सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण आता भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून रोज मला सांगतात, "आज षष्ठी, साडेचारला भरती." समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.

आपल्याकडे भरती नाही, पण गाड्यांची वेळ आहे. एमआयडीसीच्या पाळ्या सुटण्या-भरण्याच्या वेळेस मोठ्या रस्त्यावर जाण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूने शेतांतून जाणारी वाट पहाटे मोकळी असते. सध्या आम्ही चौघी जातो, तिघी चालतात आणि मी मधून मधून धावते. मुलगी संक्रांतीस येणार आहे, तेव्हा ती पुढे असेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेपाचला आमच्या अंगणात यावे, चहा परत आल्यावर मिळेल. पातेल्याजवळ मीच आहे.