तेल गळतंय कुठून?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आपल्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं' असं सांगितलंय. हल्ली मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे एआय आमच्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का? त्यावर जेवताना बोलू. इथे मी आईच्या वॉशिंग मशीनबद्दल बोलणार आहे. हसू नका, तेच माझं क्षेत्र आहे. बिघाड दिसतोय कुठे आणि आहे कुठे, हे शोधण्यातच माझा कामाचा बराचसा दिवस जातो.

मशीन दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक, सतरा वर्षांचं. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला ड्रायर. 'आता ऑटोमॅटिक घ्या की' असं सगळे सांगतात. पण आपल्या गावात पाणी एक दिवसाआड येतं, तेही जेमतेम धारेने. ऑटोमॅटिकला नळाचा दाब लागतो. याला पिंपातून बादलीने पाणी घालता येतं, आणि चादरींचं साबणाचं पाणी पायपुसण्यांना परत वापरता येतं. बाबा दोन वर्षं अंथरुणावर आहेत. रोज दोन चादरी, कधी तीन. मशीन चार दिवस बंद पडलं तर घरात काय होतं, हे ज्यांनी आजारपण काढलंय त्यांना सांगायला नको.

पहिली तक्रार तेलाची नव्हतीच. ड्रायरचं झाकण उघडलं तरी आतलं भांडं फिरतच राहायचं. ही गोष्ट गंभीर आहे. ड्रायरची मोटर साधारण चौदाशे फेऱ्यांनी फिरते (आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यावर चार पोलांची मोटर तेवढीच फिरते) आणि भांडं थेट तिच्यावरच बसवलेलं असतं. झाकण उचललं की वायर ढिली होऊन ब्रेक लागतो आणि काही सेकंदांत भांडं थांबतं, अशी योजना असते. न थांबलेल्या भांड्यात हात गेला आणि ओल्या चादरीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं गेलं, तर मनगटाचं काय होईल त्याची कल्पना करा. आई ७३ वर्षांची आहे.

मेकॅनिक आले, ब्रेकचा लायनर बदलून गेले. पंधरा दिवस ठीक चाललं. पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्यांनी मागचं पॅनेल उघडलं तर तळ काळाकुट्ट, ड्रायरची मोटर तेलाने माखलेली. ते म्हणाले, "ताई, मोटर तेल गळतेय. वय झालंय मशीनचं. नवीन घ्या." माणूस प्रामाणिक होता, दुसऱ्या फेरीचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

आता इथे आपल्या विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. आपल्या प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असायचे. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं की बाई लाल पेन्सिलने पूर्ण ओळ खोडायच्या. 'मोटरीवर तेल आहे' हे निरीक्षण. 'मोटर तेल गळतेय' हे अनुमान. मेकॅनिकनी दुसरं वाक्य पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, एवढंच. माझ्या ऑफिसात भरपूर पगार घेणारी माणसं हे रोज करतात.

मला शंका आली ती प्रमाणामुळे. तळावर पुसून काढलेलं तेल अर्धी वाटी तरी होतं. मोटरीच्या बुशाजवळ नमद्यात मुरलेलं तेल असतं, पण ते असून असून किती असणार? काही कपॅसिटरमध्ये तेल असतं, पण इथला कपॅसिटर कोरडा होता, फुगलेलाही नव्हता. अर्धी वाटी तेल राहण्याची जागा मशीनमध्ये एकच : धुण्याच्या टबाखालचा गिअर बॉक्स. तो होता ड्रायरच्या पलीकडच्या बाजूला.

म्हणून एका शनिवारी प्लग काढून मी आणि आई कामाला लागलो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आईने तीन रकाने आखले.

आधी, ते तेलच आहे का? मशीनखालचं ओलं म्हणजे बहुतेकदा पाणीच असतं. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर थेंब घेतला आणि वाळत ठेवला. पाण्याचा डाग वाळून जातो. तेलाचा राहतो आणि उजेडासमोर धरला की कागद पारदर्शक दिसतो. शाळेत शेंगदाणा कागदावर घासून आपण हेच केलं होतं. तो डाग राहिला.

मग सगळं भांड्यांच्या साबणाने पुसून लख्ख केलं, दोन तास पंख्याखाली वाळवलं आणि दोन्ही बाजूंच्या स्वच्छ पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीवर तेलाचा बारीक ओघळसुद्धा काळी रेघ होऊन दिसतो. तळाखाली कागद अंथरला. त्या रात्री मशीन चालवलं नाही. सकाळी धुण्याच्या बाजूला, पुलीच्या कडेखाली, चार थेंब. ड्रायरच्या बाजूला काही नाही.

नंतर पॅनेल बसवून फक्त ड्रायर पाच मिनिटं चालवला. प्लग काढून उघडलं : पावडर जशीच्या तशी. मग फक्त धुण्याची बाजू, पाणी भरून, पंधरा मिनिटं. उघडल्यावर आई म्हणाली, "अगं, ही तर कंबरेची रेघ!" पुलीच्या बरोबर उंचीवर आतल्या पत्र्यावर आडवी काळी रेघ उमटली होती आणि ती सरळ ड्रायरच्या ब्रेकपर्यंत गेली होती.

गिअर बॉक्सचा खालचा दांडा एका रबरी ऑइल सीलमधून बाहेर येतो, त्यावर पुली. सीलच्या ओठाभोवती बारीक स्प्रिंगचं कडं असतं, ते ओठ दांड्याला दाबून धरतं. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं, ओठ झिजतो, आणि तेल पुलीवर उतरतं. पुली थांबलेली असली तर थेंब खाली पडतो. फिरत असली तर गोफणीसारखं तेल चहूकडे उडतं. ते ब्रेकवर बसतं, लायनर घसरतो, झाकण उघडलं तरी भांडं थांबत नाही. ब्रेक कितीदाही बदला, दोन आठवड्यांत तो पुन्हा तेलकट होणारच. गळती एका टबाखाली, धोका दुसऱ्या टबात.

वरच्या सीलचीही खात्री करायची होती. ते गेलं असतं तर तेल टबात येऊन चादरींवर काळे ठिपके पडले असते, आणि टबातलं पाणी गिअर बॉक्समध्ये उतरून तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं असतं. चादरी स्वच्छ होत्या, तेल काळं पण नितळ होतं. म्हणजे वरचं सील धड.

सील तसं स्वस्त असतं. त्याच्या अंगावर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. ते तीन सांगितले की दुकानदार बाकी काही विचारत नाही. पण पुली उतरवल्यावर मी दांड्यावरून नख फिरवलं तर सीलच्या जागी खाच लागली. खाचेवर नवं सील फार दिवस टिकत नाही. म्हणून अख्खा गिअर बॉक्स आणला, हजाराच्या आत. त्याच मेकॅनिकना बोलावलं. पट्टा आणि ब्रेकचा लायनर, दोन्ही तेल प्यालेले, तेही बदलले. कॅलेंडरवरचे रकाने त्यांनी दोनदा वाचले आणि मोबाइलवर फोटो काढून नेला. त्यानंतर ते आईला 'मॅडम' म्हणायला लागले, याचा तिला फार आनंद आहे.

हे सगळं मशीनला लागू होईल असं मात्र नाही. समोरून दार असलेल्या मशीनला असा गिअर बॉक्स नसतो. तिथे ड्रमच्या बेअरिंगचं सील जातं, आधी घरघर ऐकू येते आणि मागे गंजाचे तांबूस ओघळ येतात. आणि पॅनेल उघडं ठेवून मशीन चालवू नका. पदर, ओढणी, पट्टा आणि वीज यांचं जमत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरला हात लावू नका, त्यात वीज साठलेली राहू शकते.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या आईवडिलांकडे अजून दोन टबांचं मशीन आहे, हे मला ग्रुपवरच्या फोटोंतून माहीत आहे. घरी गेलात की रिकामा ड्रायर चालू करा, झाकण उघडा, हात लांब ठेवा आणि मोजा. आमच्याकडे आता तीन म्हणेपर्यंत भांडं थांबतं. तुमच्याकडे दहाच्या पुढे गेलं, तर ब्रेक बदलायच्या आधी मागे डोकावून पुलीच्या उंचीवर एक रेघ आहे का ते बघा.