कोठी खरवडली तर



पेरणी आटोपली, उसनवारी संपली, की कापसाच्या पहिल्या वेच्यापर्यंत घर कसं चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा आपण सावकाराचं दार ठोठावतो, रेशन दुकानाची मात्र लाज वाटते. आम्ही घामाचे दाम मागणारी माणसं, भीक कशी घेणार? पण हे धान्य 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हक्काचं आहे. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो, अंत्योदयला घरटी 35 किलो. 2023 पासून मोफत. बहुधा गहू-तांदूळच हाती पडतो. ज्वारी का नाही, हे भांडण आम्हाला वेगळं भांडायचं आहे.

कार्डच नाही? स्वराज अभियानाच्या खटल्यात 13 मे 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुष्काळी भागात केवळ कार्ड नाही म्हणून धान्य नाकारू नये, रहिवासाचा पुरावा चालेल. दुष्काळ जाहीर झाला की हा निकाल पुढे करा.

दुकानदार म्हणेल, 'वरून माल आला नाही.' तिथं एकट्यानं हुज्जत घालू नका. पाचदहा घरांनी मिळून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. धान्य न मिळाल्यास भत्ता द्यावा, असं कायद्याचं कलम 8 सांगतं; अर्जात ते लिहा. घरात गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं लेकरू असेल, तर अंगणवाडीत आजच नाव घाला.