झिम्मा सोडू नका!

(महिला शाखेच्या सभेत एका फिजिओथेरपिस्टने केलेले भाषण)



आरोग्यावर बोला म्हटलं की गुडघे, कंबर, मधुमेह हे विषय ठरलेले असतात. आज मी ज्या त्रासाबद्दल बोलणार आहे, तो आपण सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जाणं. लघवीची घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचेतो धीर न राहणं. आणि 'अंग बाहेर येणं'.

मंगळागौरीला फुगड्या गाजवणारी बाई एखाद्या वर्षी "मी आपली गाणी म्हणते" म्हणून बाजूला बसते. अष्टविनायकाला निघायचं तर इंदूरहून बस सुटायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद. सहस्रावर्तनाला दाराजवळची जागा. कुणी विचारलं तर "गुडघे दुखतात". गुडघ्यांवर सगळं खपून जातं! पण असं करता करता बाई एकेका कार्यक्रमातून, एकेका आनंदातून बाहेर पडत जाते.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा त्रास पुष्कळ जणींना होतो, पण म्हणून तो सोसलाच पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा व्यायामाने तो कमी होतो, आणि हा व्यायाम कुठल्याही वयात सुरू करता येतो.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग ती खालून सावरते. लघवीची, बाळंतपणाची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातूनच जातात. झोळी सैल पडली की थेंब जातात, वायू आवरत नाही, खाली जड ओढल्यासारखं वाटतं. दंडाच्या स्नायूला व्यायामाने बळ येतं, तसंच या झोळीलाही येतं. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 मध्ये हे व्यायाम वैद्यकीय जगापुढे मांडले. त्यांचंच नाव या व्यायामाला पडलं.

आता वयाप्रमाणे पाहू.

शाळेतल्या मुली. शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर लघवी दाबून धरायची, पाणी प्यायचं नाही, मग बद्धकोष्ठ. या सवयी पुढे त्रास देतात. उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या खेळाडू मुलींचेही थेंब जाऊ शकतात. लेकीला रागावू नका, विचारा.

गरोदरपण. बाळाचा भार नऊ महिने याच झोळीवर असतो. म्हणून गरोदरपणातच व्यायाम शिकून घेतला तर थेंब जाण्याचा त्रास टळण्याची शक्यता वाढते. "माझं सिझेरियन झालं, मला काय गरज?" असं नाही. भार तर तुम्हीही वाहिलेला असतो.

बाळंतीण. सव्वा महिन्याच्या विश्रांतीत आपण शेकशेगडी करतो, डिंकाचे लाडू खातो. त्यातच हा हलका व्यायाम बसवा. लघवीची नळी निघाल्यावर, दुखत नसेल तर, डॉक्टरांना विचारून तो अंथरुणावर पडल्या पडल्या करता येतो. पाण्याने भरलेल्या बादल्या आणि गॅसचं सिलिंडर मात्र घरातल्या पुरुषमंडळींनी उचलायचं. टाके पडले असतील, शौच किंवा वायू आवरत नसेल, तर लाजू नका, लवकर दाखवा.

पाळी जाण्याचा काळ. संप्रेरकं कमी होतात, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, लघवीची घाई वाढते. व्यायामाच्या जोडीला डॉक्टर तिथे लावायचं मलम देऊ शकतात. "माझी पिशवी काढली आहे" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पिशवी गेली तरी झोळी तिथेच आहे, आणि तिला व्यायाम लागतोच.

आजीचं वय. रात्री घाईघाईने उठताना पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून व्यायामाइतकाच बाथरूमच्या वाटेवरचा दिवा आणि भिंतीला धरायचा दांडा महत्त्वाचा.

आता व्यायाम. गुडघे वाकवून उताणं पडा. चारचौघांत वायू आवरून धरतो, तसं मागून आवळा. मग लघवी थांबवल्यासारखं पुढून, आणि आत, वरच्या दिशेने उचला. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. श्वास रोखायचा नाही. जमेल तितकं, म्हणजे तीन ते पाच सेकंद धरा, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणं हाही व्यायामच आहे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा चहा, दुपारची वामकुक्षी आणि दिवेलागण या वेळा धरल्या की विसरत नाही. निदान तीन महिने नेमाने करा. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं, की त्याआधी झटकन आवळा. घाई झाली तर पळू नका. जागीच थांबा, पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा, घाईची लाट ओसरू द्या, मग शांतपणे चाला. पाणी तोडू नका. दाट लघवी मूत्राशयाला जास्त टोचते. चहा-कॉफी मात्र कमी करा. शौचाला कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या.

दोन सावधगिऱ्या. लघवी करताना मध्येच थांबवणं हा रोजचा व्यायाम नाही. आणि सगळ्यांची झोळी सैलच असते असंही नाही. काहींचे स्नायू इतके ताठलेले असतात, की संबंधाच्या वेळी, बसताना दुखतं. त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणं वाढतं. त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. म्हणून एकदा तरी जाणकार फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. आतून तपासणी तुमच्या संमतीनेच होते. नको असेल तर नाही म्हणता येतं, आणि तरीही उपचार करता येतात.

लघवीतून रक्त, जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, किंवा बैठकीची जागा बधिर होऊन पायांतली ताकद जाणं, यात व्यायामाची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा. अंग जास्त बाहेर येत असेल तर आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. तेही डॉक्टरांना विचारून ठरवता येतं.

सासूबाईंनी सुनेला आणि सुनेने सासूबाईंना हे एकदा मोकळेपणाने विचारलं, तर निम्मं काम होईल. दाराशी एक डबा आणि कोरे कागद ठेवले आहेत. नाव न लिहिता प्रश्न टाका. चहानंतर मी एकेकाचं उत्तर देईन.

गणपती बाप्पा मोरया!