दोन सेकंदांची वाट



लखनऊला पाहुणे आले की आपण त्यांना बडा इमामबाडा दाखवायला नेतो. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने तो बांधायला काढला, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. वरच्या भूलभुलैयात शिरलं की चांगली जाणती माणसंसुद्धा गांगरतात. आज मला बोलायचं आहे ते मात्र कागदावरच्या भूलभुलैयाबद्दल. तो याच उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांपुढे ठेवला होता.

जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी हा प्रयोग केला. ३२१ मुलगे उच्च मानलेल्या जातींतले, ३२१ खालच्या मानलेल्या. एका वेळी सहा जणांना बसवायचं, कोडी द्यायची आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक रुपया. जातीचा उच्चार न करता बसवलं तेव्हा दोन्ही गटांच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या तुकड्यांत सर्वांसमक्ष नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात वाचून दाखवली. मुलानं फक्त मान डोलवायची. एवढ्यानं खालच्या मानलेल्या मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. तीच वयं, तसेच कागद, तोच रुपया. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं आणि कितीतरी दिवस मला आपल्या हजेरीपटाकडे सरळ बघवेना. पूर्ण नाव, आडनाव, बापाचा धंदा. त्यातलं नाव आपण रोज सकाळी मोठ्यानं वाचतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या वर्गात जातपात कुणी काढत नाही. बरोबर आहे, तोंडानं काढत नाही. पण इथल्या हवाई दलाच्या तळावर बदलीनं आलेली आपली मराठी घरं आहेत, त्यांनी आपल्याच लेकरांकडे बघावं. मूल शाळेत 'मेरा किताब' म्हणून जातं, कारण घरी पुस्तक 'माझं' असतं. वर्ग हसतो. बाईंच्या मनात तिथेच नोंद होते, हा कच्चा. तो गणितात पक्का आहे हे कळायला पुढे सहामाही उजाडते. आपल्या मुलाला हे तीन वर्षं सोसावं लागतं, मग बदली होते. ज्यांची बदली कधीच होत नाही, त्या पाड्यावरच्या, वस्तीवरच्या मुलांचं काय?

आणि ही नोंद हातातून कशी उतरते बघा. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. वरच्या पानावर जात मात्र चिठ्ठी काढावी तशी कुठलीही लिहिली. खालची जात लिहिलेल्या कागदांना थोडे कमी गुण पडले. मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं: हा हात आखडता घेणाऱ्यांत खालच्या मानलेल्या जातींतलेच शिक्षक होते. म्हणजे दुष्ट मास्तर शोधून काढून टाकले की प्रश्न सुटला, असं नाही.

जोतीराव फुल्यांना हे दिसलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी शाळा आणि पैसा तर मागितलाच. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातले हवेत, असंही सांगितलं. कारण ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. पोराकडे बघणारे डोळे कसे असावेत, याचीच ती मागणी होती, असं मी समजतो.

तीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो. एकदा एका मुलाची आई दोन वह्या घेऊन आली. एक तिच्या मुलाची, एक शेजारच्याची. बाष्पीभवनावरचं उत्तर दोघांचं जवळजवळ सारखं. एकाला चार, दुसऱ्याला अडीच. अक्षर खराब आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मास्साब, अक्षर तो इसका भी वैसा ही है." खरंच तसंच होतं. त्या दिवसापासून मी वहीचं वेष्टन मागे दुमडून, नाव झाकून तपासू लागलो. पहिल्याच खेपेला चार मुलांचे गुण वर गेले.

पण तोंडी प्रश्नाला नाव झाकता येत नाही. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. शिक्षक ज्यांना हुशार मानत, त्यांच्या उत्तराची वाट ते जवळपास दोन सेकंद बघत. ज्यांना ढ मानत, त्यांना एक सेकंदही नाही. ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा, त्यालाच कमी. मग आपण म्हणतो, "बस खाली. तू सांग रे," आणि पुढच्या बाकावरचा सांगतो. दिवसभरात असं कितीदा होत असेल, एका वर्षात कितीदा!

मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो. फार अवघड जातं. वर्ग चुळबुळतो, पुढचे हात हवेत नाचतात, घड्याळ पळतं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला मी विचारलं, ओला कपडा वाऱ्यात लवकर का वाळतो? एक, दोन, तीन. तो जमिनीकडे बघत होता. चार, पाच. कुणीतरी खुदकन हसलं, मी हात वर करून थांबवलं. सातव्या आकड्याला तो म्हणाला, "सर, हवा पाण्याला घेऊन जाते, मग कोरडी हवा परत येते, ती पण घेऊन जाते."