सायकल, संसार आणि माप-पुस्तिका

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं आम्हाला विषय दिला, 'छंद आणि संसार'. आम्ही काही वक्ते नाही. राज्य शासनात उपयंत्री आहोत, शिक्षण डिप्लोमापर्यंत, आणि छंद सायकलचा. हजीऱ्याच्या लोकांनी आम्हाला पहाटे हेल्मेट घालून जाताना पाहिलं असेल. आमच्या पिढीच्या ग्वाल्हेरी मराठी घरांत 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणायची सवय असते. पण "आम्ही सायकल चालवतो" असं कुणाला सांगितलं की आमची सौ. शेजारून विचारते, "आम्ही म्हणजे कोण कोण?" आजचं सगळं भाषण या एका प्रश्नाबद्दल आहे.

हजीऱ्यात सायकल ही काही नवलाची वस्तू नाही. जयाजीराव कॉटन मिल, आपली जे. सी. मिल, 1992 साली बंद पडली. त्याआधी पाळी सुटली की बिरलानगरच्या रस्त्यावर सायकलीच सायकली दिसायच्या, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्या सायकलीला कुणी छंद म्हणत नसे. पुढच्या दांडीवर पोराची छोटी सीट, मागे कॅरिअरवर बायको किंवा दळणाचा डबा, हँडलला भाजीची पिशवी. आमच्या अण्णांची काळी सायकलही तशीच होती. आम्ही तिच्यावरच शिकलो, मधल्या दांडीखालून पाय घालून. आपल्याकडे त्याला 'कैंची' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो.

म्हणजे ती सायकल सगळ्या घराची होती. आमची गिअरची सायकल घरी आली तेव्हा सौ.नं तिच्याभोवती एक फेरी मारली. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. "यावर बसायचं कुणी?" तिनं विचारलं. "आम्ही." "ते दिसतंच आहे," ती म्हणाली. आम्हाला वाटतं, जुन्या आणि नव्या सायकलीतला खरा फरक हाच आहे. जुनी घरातल्या माणसांना घेऊन जायची, नवी घरातल्या एका माणसाला घेऊन जाते.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार असतो. ती शर्यत नसते, नंबर नसतात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. एका हंगामात चारही पुऱ्या केल्या की 'सुपर रँदोनर' म्हणतात. याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. तिथली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 साली सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते, 1200 किलोमीटर आणि 90 तास. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आम्ही 200 आणि 300 केल्या, बाहेरगावी जाऊन. पुढच्या दोन मनात होत्या.

मग थोरली झाली, पाठोपाठ धाकटा. धाकटा तीन महिन्यांचा असताना सौ. म्हणाली, "तुम्ही बांधकामाची मापं घेता ना? मग घराचीही घेऊ." आमच्या खात्याच्या कामात माप-पुस्तिका असते, आम्ही तिला एम.बी. म्हणतो. काम झालं, पण एम.बी.त चढलं नाही, तर बिल निघत नाही. पानांना क्रमांक असतात आणि खोडाखोड चालत नाही. आकडा बदलायचा तर रेघ मारून सही करावी लागते. तशीच एक वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. डाव्या पानावर आम्ही, उजव्या पानावर सौ. स्वतःच्या आवडीसाठी जो घराबाहेर राहील त्यानं तास लिहायचे.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली. सायकलवाल्याचं घड्याळ आणि घरचं घड्याळ वेगळं असतं. 200 ची ब्रेव्हे कागदावर साडेतेरा तासांची. पण शनिवारी दुपारी चारला सायकल घेऊन गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी सातला परत यायचं, म्हणजे घरच्या वहीत 39 तास. याच हिशेबानं 600 ला शुक्रवार संध्याकाळपासून धरून साठाच्या वर जातात. त्या महिन्यात डाव्या पानाची बेरीज 31 आली आणि उजव्या पानाची 4. त्यातले 2 तास सौ.नं आईंना दाताच्या डॉक्टरकडे नेण्याचे लिहिले होते. आम्ही म्हणालो, हे आवडीत कसं धरायचं? रेघ मारली, सही केली, राहिले 2.

उजव्या पानावर लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. सौ. लग्नाआधी माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकत होती. 1918 साली भातखंड्यांनी माधवराव महाराजांच्या आश्रयानं सुरू केलेलं ते विद्यालय. तानसेनाच्या समाधीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहायचं आणि तंबोरा माळ्यावर ठेवायचा, हे तिला खुपत होतं. म्हणून रविवार वाटले. एक पहाट आमची, एक तिच्या रियाजाची आणि गुरूंच्या घरची. तिच्या रविवारी दूध, नाश्ता, अंघोळी आणि आईची औषधं आमच्याकडे. हे 'मदत' या सदरात धरायचं नाही, असंही ठरलं.

आता एक सल्ला, जो आम्हाला पुष्कळांनी दिला आणि जो आम्हाला पटला नाही. "मुलांनाच बरोबर न्या, एका दगडात दोन पक्षी." मुलांना आम्ही नेतोच. थोरली तिची छोटी सायकल घेऊन मोहम्मद गौसांच्या मकबऱ्यापर्यंत येते, तानसेनाच्या चिंचेखाली थांबते, पाला चावून गळा गोड होतो का ते पाहते. तासाभरात तीन किलोमीटर होतात. फार आनंदाचा तास असतो तो. पण तो तिचा असतो. त्याला आपला व्यायाम म्हटलं की आपण घड्याळ पाहू लागतो आणि तिला घाई करू लागतो. वहीत तो तास कुठल्याच पानावर चढत नाही.

उलट ऑफिसला सायकलनं जाणं हे मात्र खरं सापडलेलं धन आहे. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. हजीरा चौराह्यावरच्या ई-रिक्षांमुळे स्कूटरलाही फारसा कमी वेळ लागत नाही. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर 264 किलोमीटर होतात, एका ब्रेव्हेपेक्षा जास्त, आणि घरचं एक मिनिट जात नाही. त्यासाठी जुनी सायकल दुरुस्त करून घेतली, कॅरिअरसकट. येताना दळणही आणतो.

ज्या वर्षी 400 साठी नाव नोंदवलं, पैसे भरले, त्याच वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग तीन महिने अंथरूण. सायकल भिंतीला टांगली. ब्रेव्हेच्या रात्री आम्ही आईच्या खाटेशी बसलो होतो आणि बरोबरचे मित्र आता कुठे असतील याचा हिशेब मनात चालू होता. वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर आईच हसेल, ती समोर बसली आहे. तिनंच पहाटे विचारलं, "किती झाले रे त्यांचे?"

अमेरिका आडवी पार करायची एक स्पर्धा आहे, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका', सुमारे 4800 किलोमीटरची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली एकट्यानं, बारा दिवसांच्या आत. मराठी माणसाची छाती फुगावी अशीच गोष्ट आहे. पण तिथला 'एकटा' सुद्धा एकटा नसतो. मागे गाडीत जेवण देणारे, रस्ता सांगणारे, झोपेतून उठवणारे असतात, आणि त्यांना तिथे 'क्रू' म्हणून मान असतो. आपल्याकडे रविवारी तिघराच्या धरणावर जाऊन येणाऱ्याचाही क्रू असतो. तो घरी कुकर लावत असतो, म्हणून मोजला जात नाही.

सध्याची परिस्थिती अशी. आमच्या रविवारी तिघरा, नाहीतर मुरैन्याच्या रस्त्यानं नूराबादचा जुना मुघल पूल. नदी दोन्हीकडे तीच, सांक. जानेवारीच्या धुक्यात हायवेवर जायचं नाही, हा आईचा नियम. मे महिन्यात नऊच्या आत घरी, हा उन्हाचा. येताना बेडई आणायची, हा मुलांचा. गेल्या महिन्यात डावं पान 14, उजवं 11. सौ. म्हणते, अजून बरोबरी नाही.

400 आणि 600 राहिल्या आहेत. राहतीलही कदाचित. गुडघे पन्नाशीपर्यंत थांबतात का ते पाहायचं. 600 चे साठ-बासष्ट तास एकदम काढायचे तर तेवढे आधी उजव्या पानावर जमा झाले पाहिजेत, असा ठराव झाला आहे. ठराव कुणी मांडला हे सांगायला नको.

उद्या रविवार आहे आणि तो सौ.चा आहे. पहाटे साडेपाचला तिचा तंबोरा लागतो आणि धाकट्याला नाश्त्याला खिचडी हवी आहे. साबुदाणा रात्रीच भिजवावा लागतो, तेव्हा आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!