व्हिडिओ आपला, पडदा कुणाचा?



समोर व्यापारी आणि कारखानदार मंडळी बरीच दिसताहेत, म्हणून थेट व्यवहाराचंच बोलतो. सांगलीतला एक हळद निर्यातदार डोळ्यांसमोर आणा. हळदीचं पॉलिश, प्रतवारी, पोती भरणं हे सगळं दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्यानं करून घेतला. आता तो कंपनीच्या वेबसाइटवर दिसायला हवा. फाइल ठेवायची कुठे?

वेबसाइटसाठी सर्व्हरवर जागा घेतलेलीच आहे, टाका तिथेच, असं कुणीही म्हणेल. जरा हिशेब मांडू. फुल एचडी व्हिडिओला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात. दोन मिनिटांचे झाले ६०० मेगाबिट, म्हणजे ७५ एमबी. हजार जणांनी पाहिला की ७५ जीबी. स्वस्तातल्या होस्टिंगला हा भार पेलत नाही. शिवाय फाइल एकच आणि पाहणाऱ्यांच्या इंटरनेटचे वेग मात्र नाना तऱ्हांचे. दुबईतल्या कचेरीत व्हिडिओ सुरळीत चालेल, पण रेंज कमी असलेल्या गावात नुसतं चक्र फिरत राहील.

व्हिडिओसाठीच असलेल्या सेवा इथे उपयोगी पडतात. त्यांच्यात वापरली जाणारी एचएलएस ही पद्धत ॲपलनं २००९ मध्ये आणली. तिच्यात एकाच व्हिडिओच्या कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती करतात आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. पाहणाऱ्याचा वेग घटला की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या प्रतीतला उचलतो. चित्र थोडं पुसट होतं, पण थांबत नाही.

अशा सेवांत सर्वांच्या ओळखीची म्हणजे यूट्यूब. २००५ मध्ये ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी गूगलनं विकत घेतली. पैसे लागत नाहीत, आणि लोक माहिती शोधायला तिथे जातातच. भर बाजारपेठेतला फुकटचा गाळा म्हणा ना! पण गाळ्याचे नियम मालकाचे. आपला व्हिडिओ संपल्यावर इतरांचे व्हिडिओ सुचवू नयेत, अशी सोय पूर्वी होती. २०१८ मध्ये ती गेली. आता फार तर सुचवलेले व्हिडिओ आपल्याच चॅनेलचे असावेत, एवढंच सांगता येतं. कोणत्याही व्हिडिओवर जाहिरात लावण्याचा हक्क यूट्यूबनं २०२० मध्ये अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत आपल्या अटींत घालून घेतला. म्हणजे आपल्या हळदीआधी दुसऱ्याच मालाची जाहिरात लागू शकते, आणि एका बोटासरशी गिऱ्हाईक आपल्या साइटवरून यूट्यूबवर निघून जातं.

तिसरी वाट पैसे देऊन घ्यायच्या सेवांची. व्हिमिओ ही त्यातली जुनी, २००४ पासूनची. कुणी ठरावीक वर्गणी घेतं, कुणी पाहिलेल्या मिनिटांवर किंवा वापरलेल्या डेटावर आकारणी करतं. जाहिरात नसते, आणि व्हिडिओ फक्त आपल्याच साइटवर चालावा असं बंधन सहसा घालता येतं.

मग निवडायचं कसं? एकच सेवा सगळ्या व्हिडिओंना लावू नका. प्रत्येकाचं काम विचारा. अनोळखी माणसानं आपल्याला शोधावं म्हणून केलेला व्हिडिओ यूट्यूबवरच हवा. जो ग्राहक साइटवर येऊन भाव विचारण्याच्या बेतात आहे, त्याच्यासाठीचा व्हिडिओ पैसे देऊन घेतलेल्या सेवेवर ठेवा. त्या क्षणी त्याचं लक्ष उडालं तर नुकसान वर्गणीहून मोठं असतं. विक्रेत्यांचं प्रशिक्षण किंवा आतली माहिती असेल, तर यूट्यूबच्या अनलिस्टेड लिंकवर विसंबू नका. ती लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला व्हिडिओ दिसतो. तिथे पासवर्ड किंवा लॉगिन हवंच. पानाच्या मागे हलणारं पाच-सात सेकंदांचं मूक चित्र मात्र आपल्या सर्व्हरवर खुशाल ठेवा.

सेवा कोणतीही घ्या, पान उघडताच प्लेअरचा सगळा पसारा उतरू देऊ नका. आधी फक्त चित्र दाखवा आणि बोट लागल्यावर व्हिडिओ आणा. सबटायटल्स द्या, कचेरीत, गाडीत लोक आवाज बंद ठेवून पाहतात.

शेवटचं सांगतो. गूगल व्हिडिओ ही खुद्द गूगलची सेवा, तरी २०१२ मध्ये ती बंद पडली. म्हणून शूटिंग करणाऱ्याकडून पूर्ण दर्जाची मूळ फाइल मागून घ्या आणि ती दोन ठिकाणी जपा. मूळ फाइल आपल्यापाशी असली, की आज केलेली निवड उद्या बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.